गोळीने तपासलेली भिंत

क्यूब 2: साउअरब्राटन या खेळात 'ई' हे बटण दाबले की हातातली बंदूक नाहीशी होते, पाय जमिनीवरून सुटतात आणि ज्या भिंतीआड आपण आतापर्यंत लपलो होतो, ती भिंत माउसच्या चाकाने पुढे किंवा मागे सरकवता येते. तेच बटण पुन्हा दाबले की आपण धपकन खाली येतो, बंदूक परत येते आणि नुकतीच सरकवलेली भिंत गोळ्या अडवू लागते. खेळणे आणि घडवणे एकमेकांच्या इतके जवळ असलेला दुसरा शूटर, म्हणजे गोळीबाराचा खेळ, मी पाहिलेला नाही. बहुतेक खेळांत मॅप, म्हणजे लढाईची जागा, घडवण्यासाठी वेगळा प्रोग्राम असतो, तो हाताखाली यायला आठवडे लागतात आणि तिथे केलेला बदल खरोखर कसा वाटतो, हे बऱ्याच उशिरा कळते. इथे घडवणारा त्या जागेतच तरंगत असतो.

हा खेळ 2004 मध्ये पहिल्यांदा बाहेर आला. त्याचा मूळ कर्ता वाउटर व्हान ऊर्टमर्सन हा डच प्रोग्रामर. अमिगा संगणकांसाठी 'ई' नावाची प्रोग्रामिंगची भाषा त्यानेच लिहिली होती (बटणावरचा 'ई' मात्र एडिटचा), आणि 2001 मध्ये त्याने या खेळाचा पूर्वज, नुसता क्यूब, फुकट वाटून टाकला होता. पुढे इंजिनाचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, बराच मोठा भार ली साल्झमन या प्रोग्रामरने उचलला. खेळ फुकट होता आणि त्यामागे कसलेही दुकान नव्हते. विकत घ्यायच्या पेट्या नव्हत्या, नाणी नव्हती, खाते उघडण्याचीही गरज नव्हती, आणि सोर्स कोड कोणालाही वाचायला आणि बदलायला खुला होता.

त्यातल्या जगाची बांधणी समजून घेण्यासारखी आहे, कारण घडवण्याचा सगळा स्वभाव तिच्यातून येतो. संपूर्ण मॅप म्हणजे एकच प्रचंड घन असतो. त्याचे आठ सारखे भाग पडतात, त्यातल्या हव्या त्या भागाचे पुन्हा आठ, आणि असे करत करत आपण पायरीच्या किंवा खिडकीच्या चौकटीच्या मापापर्यंत खाली जातो. जिथे नुसते आकाश आहे तिथे एक मोठा रिकामा घन पुरतो. बारीक तुकडे फक्त जिथे बारकावा आहे तिथेच पडतात. 'जी' बटण दाबून धरून चाक फिरवले की आपण कोणत्या मापाच्या ठोकळ्याने काम करतो आहोत ते बदलते. ठोकळ्याचे कोपरेही दाबता येतात, त्यामुळे उतार, कमानी, तिरपे छत असे सगळे जमते आणि तयार झालेली जागा ठोकळ्यांची आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. एकाच साधनाने डोंगर आणि दाराची कडी दोन्ही घडवायची ही शिस्त मला फार आवडत असे. तयार मॅप एका छोट्या फाइलमध्ये मावत असे, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर घालून कुठेही नेता येई.

आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर हा खेळ असाच पेनड्राइव्हवरून आला. काउंटर-स्ट्राइक तर होताच. त्या काळात महाराष्ट्रातल्या कुठल्याही हॉस्टेलवर किंवा सायबर कॅफेत तो नसणे अशक्य होते. परंतु साउअरब्राटनला इन्स्टॉल करावे लागत नव्हते, लॅबमधल्या लिनक्सवरही तो चाले, आणि भिकार ग्राफिक्स कार्डवरही त्याचा वेग कमी होत नसे. खोल्यांमधून ओढलेल्या लॅनच्या वायरींवर एक जण सर्व्हर चालू करी आणि बाकीचे त्याला जोडले जात. सर्वांत जास्त खेळला जाणारा प्रकार होता 'इन्स्टा': हातात एक रायफल, आणि एक गोळी लागली की खेळ खलास. त्यात कौशल्य नेमबाजीचे असते तितकेच जागा ओळखण्याचे असते. कोण कुठून दिसतो, कोणत्या कोपऱ्यावर किती क्षण उघडे पडावे लागते, धावताना पाठ कोणाकडे होते, हे सगळे मॅप ठरवत असतो. महिनाभर हे खेळल्यावर कोणत्याही माणसाला वाटू लागते की हा जिना इथे नको होता. आणि मग 'ई' बटण हाताशीच असते.

आमच्यातला एक जण मूळचा महाडचा होता. रायगड त्याच्या लहानपणापासून पायाखालचा, त्यामुळे त्याने पहिला मॅप काढला तो गडाचाच, आणि समोरच्या संघाचा झेंडा पळवायच्या डावासाठी दोन्ही संघांच्या झेंड्यांसमोर त्याने गोमुखी दरवाजा बांधला. ज्यांनी रायगडाचा महादरवाजा पाहिला आहे त्यांना ही रचना ठाऊक असते. दोन बुरुजांनी दरवाजा असा कुशीत घेतलेला असतो की तो लांबून दिसतच नाही, वळून आत शिरावे लागते, आणि वळणाऱ्याला डोक्यावरच्या तटावरून टिपता येते. हत्ती किंवा ओंडका घेऊन धावत येऊन धडक मारायला सरळ वाटच उरत नाही. मित्राने ती वळणे मन लावून घडवली, दगडाचा पोत शोधून शोधून लावला, आणि सगळा उजेड नीट मोजला जावा म्हणून संगणकाला त्या हिशेबासाठी बसवून आम्ही चहाला गेलो. या खेळात सावल्या आधीच मोजून भिंतींवर कायम केल्या जातात, आणि मोठ्या मॅपला तेव्हाच्या संगणकावर त्यासाठी बराच वेळ लागत असे.

मॅप देखणा झाला होता आणि खेळायला असह्य होता. दरवाजा जे करण्यासाठी शतकानुशतके बांधला गेला, तेच तो अचूक करत होता. वळणापलीकडे एक जण रायफल रोखून उभा राहिला की आत येणारा प्रत्येक जण एकेकटा येई आणि एकेकटा मरे. दोन्ही बाजूंचे दरवाजे तसेच असल्याने कोणाचाच झेंडा हलत नव्हता, आणि थोड्याच वेळात दोन्ही संघ आपापल्या बुरजाआड बसून राहिले. रॉकेट असते तर आपल्याच पायाजवळ ते फोडून, त्या धक्क्याने उडी मारून तट ओलांडता आला असता, पण इन्स्टामध्ये रॉकेट नसते. मित्राने मग बुरजाला एक खिडकी पाडली. ती उंच होती, तर तिच्याखाली कोसळलेल्या दगडांचा ढीग केला. खिडकीतून शिरणाऱ्याला वळणापलीकडच्या माणसाची पाठ दिसू लागली, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा झेंडा पळवला गेला. पुढचे काही दिवस ती खिडकी रोज थोडी मोठी किंवा थोडी लहान होत राहिली, कारण पहिल्या मापाला पहारेकरी उगाचच मरत होता आणि दुसऱ्याला शिरणारा.

या सगळ्या काळात मला जे उमगले ते असे की गड बांधणारा आपल्या बाजूचा असतो आणि मॅप बांधणारा कोणत्याच बाजूचा नसतो. गडाचा दरवाजा पडू नये म्हणून बांधतात. खेळातला दरवाजा पडला पाहिजे, मात्र सहज पडता कामा नये, आणि राखणारा व घेणारा या दोघांनाही आपण चुकलो तरच हरलो असे वाटले पाहिजे. कारण दहा मिनिटांनी बाजू बदलतात, आणि आता जो आत आहे तो बाहेर येणार असतो. राजगडाच्या संजीवनी माचीची चिलखती तटबंदी, म्हणजे एका तटाच्या आत दुसरा तट, ही लष्करी बुद्धीची कमाल आहे. जशीच्या तशी मॅपमध्ये आणली तर ती अन्याय ठरेल. हा समतोल कागदावर साधत नाही. तो गोळ्या चालल्यावरच कळतो. कोण कुठे मरते, कोण कुठे जाऊन बसते आणि कोणता जिना कोणीच चढत नाही, हीच त्या बांधकामाची खरी तपासणी असते. मॅप पाहून लोक छान म्हणतात त्याला फारसा अर्थ नसतो. लोक पुन्हा तोच मॅप मागतात का, एवढेच पाहावे.

काउंटर-स्ट्राइकचा डस्ट 2 हा मॅप इतकी वर्षे का टिकला, याचे उत्तरही मला यातच दिसते. 2001 मध्ये तो बनवणारा डेव्ह जॉन्स्टन हा कोणा कंपनीचा नोकर नव्हता, हौशी मॅपकार होता. त्या मॅपमध्ये डोळ्यांत भरावे असे विशेष काही नाही: वाळूच्या रंगाच्या भिंती, लाकडी खोकी, दोन-चार दारे. परंतु दोन्ही संघ आपापल्या ठिकाणाहून धावत सुटले तर ते ज्या जागी समोरासमोर येतात, त्या जागा आणि त्या वेळा इतक्या नेमक्या जुळवलेल्या आहेत की प्रत्येक चकमक जणू पहिल्यांदाच होते आहे असे वाटते.

साउअरब्राटनमध्ये हे काम अनोळखी माणसांबरोबरही करता येते. को-ऑप एडिट या प्रकारात एकाच सर्व्हरवरचे सगळे जण एकाच वेळी एकच मॅप घडवतात: कोणी छत ओढतो, कोणी दिवे लावतो, आणि कोणी काहीच न करता बंदूक घेऊन मधूनच धावतो, जे खरे तर उपयोगाचे असते. नव्याने येणाऱ्याला तोवर झालेले काम मिळावे म्हणून एक जण मॅप पाठवण्याची आज्ञा देतो आणि दुसरा तो मागवून घेतो. इंटरनेटवरच्या सर्व्हरवर मी कधी कधी यात शिरत असे. भाषेची अडचण फारशी येत नाही, कारण बोलणे बहुतेक वेळा भिंत सरकवूनच होते. तुम्ही खिडकी पाडली आणि समोरच्याने ती बुजवली, तर त्याचे म्हणणे कळते. अर्थात याच सोयीत नासधुशीचीही सोय आहे. सर्वांत मोठे माप निवडून चाक एकदा फिरवले की तासाभराचे काम एका क्षणात दगडात गाडले जाते, आणि असे करण्यातच आनंद मानणारी मुले प्रत्येक सर्व्हरवर असतात. त्यामुळे ज्याच्याकडे मास्टरचा, म्हणजे सर्व्हर सांभाळण्याचा, हक्क असतो तो सर्व्हर बंदिस्त करतो, नव्याने येणारे फक्त प्रेक्षक म्हणून येतात, आणि थोडा वेळ नीट वागले की त्यांना आत घेतले जाते. ही व्यवस्था कोणी वरून लादलेली नव्हती, आणि माझ्या मते ती चांगली चालत असे.

एस ऑफ स्पेड्स हा खेळ या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. बेन अॅक्सॉयने तो 2011 च्या सुमारास फुकट बाहेर काढला, केन सिल्व्हरमनच्या व्होक्सलॅप या इंजिनावर. मैदान 512 बाय 512 ठोकळ्यांचे आणि 64 ठोकळे उंचीचे. एका सर्व्हरवर 32 खेळाडू, निळे आणि हिरवे. प्रत्येकाच्या हातात बंदुकीबरोबर फावडे आणि 50 ठोकळे. इथे मॅप आधी घडवून मग त्यावर खेळायचे अशी विभागणीच नाही, कारण लढाई चालू असतानाच खंदक खणले जातात, भिंती उठतात, पूल टाकले जातात. फावड्याने खणलेला ठोकळा आपल्या साठ्यात जमा होतो, तेव्हा खंदकाची माती समोरच्या बांधाला लागते. आणि ज्याला खालून आधार उरला नाही असे बांधकाम कोसळते, त्यामुळे शत्रूचा मनोरा पाडायचा तर त्यावरच्या माणसावर नेम धरण्यापेक्षा पायथ्याचे ठोकळे उडवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पहिल्या काही दिवसांत मी त्यात फक्त मरत होतो. धुक्यातून कुठूनशी गोळी येई. मग लक्षात आले की तिथे धावणारा मरतो आणि खणणारा जगतो. मी जमिनीखालून जाऊ लागलो. शत्रूच्या तळापर्यंत बोगदा खणायचा, त्यांच्या गुप्त कागदांच्या बॅगेखाली अलगद वर यायचे, ती उचलायची आणि आलेल्या वाटेने परतायचे. परतताना आपल्या मागे बोगदा बुजवत यायचे. यात गोळी एकही झाडावी लागली नाही तर तो उत्तम डाव. हे जितके लोक करू लागले तितके पहारेकरीही जमिनीकडे कान लावल्यासारखे खेळू लागले, तळाभोवती मुद्दाम आडवे चर खणून ठेवू लागले. इथे समतोल साधण्याची जबाबदारी मॅपकाराची नव्हतीच. तो रोज मोडत होता आणि रोज कोणीतरी फावड्याने तो पुन्हा साधत होता. सगळे आपापल्या बाजूचेच होते, अगदी गड बांधणाऱ्यांसारखे, आणि डाव संपला की सगळे बांधकाम पुसले जाऊन कोरे मैदान समोर येई. आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात आणि सण सरला की तो मोडून टाकतात, त्यातला निर्धास्तपणा या खेळात होता. जे टिकणारच नाही ते देखणे कशाला करायचे, म्हणून तिथली बांधकामे कुरूप आणि कामाची असत.

डिसेंबर 2012 मध्ये जॅगेक्स या ब्रिटिश कंपनीने याच नावाने नवी, विकतची आवृत्ती आणली. तिच्यात वेगवेगळे सैनिक होते, पाठीवर जेटपॅक होते, रंग भडक होते. उडता येऊ लागल्यावर खंदकाला काय किंमत उरणार? जुने खेळाडू रागावले ते पैशांपेक्षा यासाठी रागावले, असे मला वाटते. पुढे त्या आवृत्तीचे सर्व्हर बंद झाले. जुनी फुकटची आवृत्ती मात्र हौशी लोकांनी आपल्या सर्व्हरवर चालू ठेवली, तिच्यासाठी ओपनस्पेड्स नावाचा खुला क्लायंटही, म्हणजे खेळाडूच्या संगणकावर चालणारा प्रोग्रामही, लिहिला.

बांधणे आणि लढणे यांचा हा ताण त्याहून जुना आहे. 2009 मध्ये झॅक बार्थने इन्फिनिमायनर काढला तेव्हा त्याची कल्पना स्पर्धेची होती: दोन संघांनी खाणीतून खनिज काढायचे आणि जास्त मिळवणाऱ्याने जिंकायचे. खेळाडूंनी स्पर्धा बाजूला ठेवली आणि नुसते बांधत सुटले. कोड उघडा पाडणे सोपे असल्याने लोकांनी तो उलगडला, त्याच्या एकमेकींशी न जुळणाऱ्या आवृत्त्या निघाल्या, फसवेगिरी वाढली, आणि बार्थने अखेर सोर्सच खुला केला. त्याच वर्षी तो खेळ पाहून मार्कस पेर्सनने माइनक्राफ्टला सुरुवात केली, आणि बांधण्याची बाजू जिंकल्यावर काय होते ते जगाने पाहिले. उलट दिशेचे उदाहरण फोर्टनाइटचे. 2017 मध्ये फुकट खुल्या झालेल्या त्याच्या बॅटल रॉयलची, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकतो अशा प्रकाराची, ओळखच लढता लढता उतार आणि भिंती उभारण्याची होती. पुढे काही खेळाडू त्यात इतके तरबेज झाले की एक गोळी झाडली की समोर चारमजली मनोरा उभा राही, आणि नवख्याला जगणे अवघड झाले. मार्च 2022 मध्ये त्यांनी बांधकामाशिवायचा वेगळा प्रकार दिला आणि तो प्रचंड चालला. मला स्वतःला या दोन टोकांपेक्षा मधली जागा प्रिय आहे, जिथे भिंत आणि गोळी एकमेकींना सोडत नाहीत, आणि ती जागा फार थोड्या खेळांनी, तीही थोडाच काळ, राखली आहे.

आताच्या मुलांना ही जागा बहुधा ब्राउझरमध्ये मिळते. 2018 मध्ये आलेला क्रंकर हा त्यातला मला ठाऊक असलेला सर्वांत चांगला खेळ: टॅब उघडला की सुरू, शाळेच्या संगणकावरही चालणारा, चौकोनी माणसे, चौकोनी भिंती, आणि मॅप घडवायला ब्राउझरमध्येच एडिटर. फुकट आहे, पण कातडी (बंदुकांचे आणि खेळाडूंचे विकाऊ रूप, म्हणजे स्किन), पेट्या आणि नाणी यांचा बाजार त्याला चिकटलेला आहे, आणि 2022 मध्ये तो दुसऱ्या कंपनीकडे गेला. त्याआधीचा ब्रिक-फोर्स हा कोरियन खेळ तर विटा रचून मॅप करण्याच्या कल्पनेवरच उभा होता. तिथे मॅप खेळाडूंचे असत आणि ठेवलेले असत कंपनीकडे. सर्व्हर बंद झाले तेव्हा खेळाडूंच्या हाती काय राहिले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही, कारण महाडच्या मित्राच्या गडाची फाइल माझ्याकडे अजून आहे आणि साउअरब्राटनच्या 2020 च्या आवृत्तीत ती खिडकीसकट उघडते.

माझा भाचा क्रंकरमध्ये मॅप करतो. त्याच्या मॅपमध्ये लढाई नसतेच. उंच, अरुंद, मुद्दाम त्रासदायक अशा ठोकळ्यांवरून उड्या मारत शेवटपर्यंत पोहोचायचे असते. मी त्याला म्हणालो की यात कोणी कोणाला मारतच नाही, मग जागा बरोबर आहे की नाही हे तुला कसे कळणार. "मामा, लोक पडतात ना," तो म्हणाला, आणि त्याने मला सांगितले की सातव्या ठोकळ्यावर फारच लोक पडत होते म्हणून तो त्याने अर्ध्या ठोकळ्याने अलीकडे घेतला, तेव्हा कोणीच पडेना, म्हणून पुन्हा थोडा पलीकडे नेला. मी तो मॅप खेळून पाहिला. सातवा ठोकळा मला अजूनही लांबच वाटतो, आणि त्याचे म्हणणे असे की माझी उडी उशिरा पडते.